मंडळीचा आठवडा

मराठी प्रॉटेस्टंट मंडळीच्या सूचनाफलकावर आठवड्याचा कार्यक्रम बहुधा असा असतो: रविवारी सकाळी शब्बाथ शाळा, मग उपासना, संध्याकाळी तरुण संघ. बुधवारी किंवा शुक्रवारी कोणाच्या तरी घरी कॉटेज प्रार्थना, मधल्या एखाद्या दुपारी महिला मंडळ, शनिवारी गायकवर्गाची तालीम. फलक भरलेला असला की मंडळी जिवंत आहे, असे सगळ्यांना वाटते. पाळकांना वाटते, कमिटीला वाटते, पाहुण्या बिशपांनाही वाटते.

आता या मंडळीतले कोणतेही एक घर घ्यावे. आजी, आई-वडील, कॉलेजात जाणारा मुलगा आणि सहावीतली मुलगी. पाचही जण नेमाने देवळात जातात. मुलीच्या वर्गात दानीएलाची गोष्ट चालू आहे, आजीच्या महिला मंडळात रूथ, तरुण संघात करिअर आणि देवाची इच्छा यावर चर्चा, तर उपासनेत पाळक रोमकरांस पत्रावर बोलताहेत. त्यातही संदेश सुरू होण्याआधी लहान मुलांना मागच्या खोलीत नेले जाते, कारण ती कंटाळतात आणि आवाज करतात. सात दिवसांत या घरातली माणसे सहा-सात सभांना जाऊन येतात, पण पवित्र शास्त्रातल्या एकाही उताऱ्यावर ती पाच जणे एकमेकांशी बोललेली नसतात. आजीने वैधव्यात काय धरून ठेवले, हे नातवाला ठाऊक नाही. नातवाला कोणत्या शंका छळतात, हे आजीला ठाऊक नाही. दोघेही मंडळीचे निष्ठावंत सभासद आहेत.

शिष्यत्व उथळ का राहते, याचे एक मोठे उत्तर या फलकावरच आहे. तरुण दृढीकरणानंतर दिसेनासे होतात, तेव्हा मोबाइलला आणि काळाला दोष देणे सोपे पडते. ज्यांनी त्यांना वाढवले त्या मंडळीने त्यांना प्रौढांच्या विश्वासाजवळ कधी बसू दिले होते का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. शिष्यत्व पिढ्यांतून खोल उतरायचे असेल तर सभा वाढवून चालणार नाही, त्या कमी कराव्या लागतील आणि वाचलेला वेळ सर्व वयांची माणसे एकाच वचनाभोवती बसण्यासाठी द्यावा लागेल.

वेळापत्रकाला हात लावायची वेळ आली की मंडळीत एक अस्वस्थता पसरते. बापजाद्यांपासून चालत आलेली पद्धत मोडतो आहोत, असे वाटते. म्हणून ही पद्धत आली कुठून, ते पाहणे बरे. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्रमालकाने १७८० मध्ये रविवारची शाळा चालवली ती देवळात येणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी नव्हे. टाचण्यांच्या कारखान्यांत आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्या गरीब मुलांना सुटी फक्त रविवारी असे, म्हणून त्या दिवशी त्यांना वाचायला शिकवायचे, हा तिचा हेतू होता. देवळातल्या घरांतली मुले धर्मशिक्षण घरी घेतात, असे तेव्हा गृहीत धरलेले होते. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडमध्ये अक्षरओळखीची जबाबदारी हळूहळू सरकारकडे गेली. रविवारची शाळा मात्र उरली, आणि घराने करायचे काम तिच्या पदरात पडले. मिशनऱ्यांबरोबर ती शब्बाथ शाळा म्हणून आपल्याकडे आली. कारखान्यातल्या पोरांसाठी काढलेली ती सोय आज ख्रिस्ती घरांतल्या मुलांच्या विश्वासाचा बहुतेक सगळा भार वाहते आहे, आणि तोही आठवड्यातून पाऊण तास.

मेथडिस्टांच्या वर्गसभेची कथाही अशीच. ब्रिस्टलमधल्या सभागृहाचे कर्ज फेडायचे होते. १७४२ मध्ये असे ठरले की प्रत्येकाने दर आठवड्याला एक पेनी द्यावी आणि बारा-बारा जणांमागे एका पुढाऱ्याने घरोघर जाऊन ती गोळा करावी. पुढारी घरी जाऊ लागले तेव्हा त्यांना दिसले की कोणी दारूत बुडाला आहे, कोणी बायकोला मारतो आहे, कोणी उपाशी आहे. जॉन वेस्लीच्या ध्यानात आले की वर्गणीच्या निमित्ताने आपल्या हाती मेंढपाळपणाची रीत लागली आहे. पुढे घरोघर फिरण्याऐवजी ते बारा जण आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागले. या वर्गांत बाया-पुरुष, तरुण-म्हातारे सगळे मिसळून असत. त्याखेरीज वेस्लीने लहान टोळ्याही केल्या, आणि त्या मात्र पुरुषांच्या वेगळ्या, स्त्रियांच्या वेगळ्या, विवाहितांच्या आणि अविवाहितांच्या वेगळ्या होत्या. त्याने मिश्र वर्ग पायाशी ठेवला आणि वेगळेपणाला त्यावर जागा दिली. आपण पाया काढून टाकला आणि फक्त टोळ्या ठेवल्या.

सर्व वयांना एकच पाठ देण्याचा प्रयोगही होऊन गेला आहे. १८७२ मध्ये इंडियानापोलिस इथल्या संडे स्कूल अधिवेशनाने, शिकागोचे व्यापारी बी. एफ. जेकब्स यांच्या आग्रहावरून, एकसमान पाठमालेला मान्यता दिली. पुढल्या वर्षापासून वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्यांत, पाच वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या म्हाताऱ्यापर्यंत, त्या त्या रविवारी सगळे एकच उतारा शिकू लागले. दुपारच्या जेवणाला बसलेल्या कुटुंबाजवळ बोलायला एकच विषय असे. पुढे बालमानसशास्त्राचा अभ्यास वाढला, पाच वर्षांच्या मुलाला संदेष्ट्यांचे शापवचन शिकवणे चूक आहे, असे शिक्षक म्हणू लागले, आणि १९०८ मध्ये लुइव्हिलच्या अधिवेशनाने वयोगटानुसार पाठ मंजूर केले. त्या शिक्षकांचे म्हणणे खरे होते. लहान मुलाला त्याच्या वयाचे शब्द हवेतच. तोटा दुसरीकडे झाला: शब्दांबरोबर उताराही वेगळा झाला, आणि जेवणाच्या ताटावरचा तो सामाईक विषय गेला.

सभांची संख्या आणि विश्वासाची खोली यांचा संबंध किती, याचे उत्तर एका अशा मंडळीनेच दिले जिने कार्यक्रमांच्या बळावर नाव कमावले होते. शिकागोजवळच्या विलो क्रीक चर्चने २००७ मध्ये ‘रिव्हील’ नावाने आपल्या सभासदांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कार्यक्रमांत भाग घेण्याचे प्रमाण वाढले म्हणून देवावरचे आणि माणसांवरचे प्रेम वाढतेच असे नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. हजारो लोकांना आठवडाभर गुंतवून ठेवणाऱ्या मंडळीने हे उघडपणे मांडले, यातले धैर्य मान्य करायला हवे. कॅलिफोर्नियातल्या फुलर यूथ इन्स्टिट्यूटने हायस्कूल संपवून कॉलेजात गेलेल्या पाचशेहून अधिक ख्रिस्ती तरुणांचा मागोवा घेतला. त्यांना आढळले की तरुणांसाठीच्या खास कार्यक्रमांपेक्षा संपूर्ण मंडळीच्या उपासनेत सहभागी होण्याचा पक्क्या विश्वासाशी अधिक सातत्याने संबंध दिसतो. समाजशास्त्रज्ञ व्हर्न बेंग्टसन यांनी १९७० पासून साडेतीनशेहून अधिक कुटुंबांच्या अनेक पिढ्यांचा अभ्यास केला. २०१३ च्या त्यांच्या पुस्तकात दोन गोष्टी ठळकपणे येतात: धर्म पुढच्या पिढीत जाण्यासाठी आई-वडिलांच्या, विशेषतः वडिलांच्या, मायेचे नाते फार मोलाचे ठरते, आणि आजी-आजोबांचा वाटा लोक समजतात त्याहून मोठा असतो.

हे अभ्यास अमेरिकेतले आहेत, त्यांचे आकडे जसेच्या तसे श्रीरामपूरला किंवा मिरजेला लावता येणार नाहीत. पण दिशा ओळखीची आहे. मराठी मंडळीतला कोणताही जुना माणूस आपल्या विश्वासाची हकीकत सांगू लागला की त्यात अमुक सालची तरुण संघाची मोहीम क्वचित येते. येतात ते आजोबांचे पहाटेचे भजन, आईची गुडघ्यावरची प्रार्थना, नाहीतर शेजारच्या बायबल वूमन मावशी.

वेळापत्रक खरोखरच मोडून नव्याने बांधल्याचे आपल्या काळातले सर्वांत मोठे उदाहरण लॅटर-डे सेंट्स चर्चचे, म्हणजे मॉर्मन लोकांचे आहे. त्यांची शिकवण इतर ख्रिस्ती पंथांना मान्य नाही, आणि तो मतभेद किरकोळ नाही. पण आठवड्याची मांडणी कशी बदलता येते, हे त्यांच्याकडून शिकायला त्याची आडकाठी नसावी. १९८० पूर्वी त्यांच्याकडे रविवारी सकाळी संडे स्कूल, दुपारी किंवा संध्याकाळी पुन्हा उपासना आणि मधल्या वारी स्त्रियांच्या व मुलांच्या सभा असत. १९८० च्या मार्चमध्ये अमेरिका-कॅनडात हे सारे रविवारच्या सलग तीन तासांत बसवले. इंधनाचा खर्च वाढला होता आणि कुटुंबांना उसंत नव्हती. मग ऑक्टोबर २०१८ मध्ये रसेल नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली दुसरी कपात जाहीर झाली. जानेवारी २०१९ पासून साठ मिनिटे उपासना, दहा मिनिटे मध्यंतर, पन्नास मिनिटे वर्ग, एवढेच उरले. कमी झालेला तास घराला दिला, आणि तो नुसता दिला नाही. त्या आठवड्याचा शास्त्रभाग घरातल्या अभ्यासाला, मुलांच्या वर्गाला आणि प्रौढांच्या वर्गाला एकच ठेवला. भाषा वेगवेगळी, उतारा एक. १८७२ ची कल्पना आणि १९०८ ची दुरुस्ती, दोन्ही तिथे एकत्र आल्या. चौदा महिन्यांनी कोविडमुळे जगभरची प्रार्थनास्थळे बंद झाली, तेव्हा घरात शास्त्र उघडून बसायची रीत त्यांच्याकडे आधीच सुरू झालेली होती. आपल्यापैकी अनेक मंडळ्यांना मात्र त्या दिवसांत यूट्यूबवरच्या उपासनेपलीकडे घराच्या हाती काही देता आले नाही.

या उदाहरणातच मोठा धोकाही दिसतो. घर हे केंद्र म्हटले की ज्यांना तसे घर नाही, त्यांचे काय? मराठी मंडळीत एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रिया आहेत, वसतिगृहात राहून नर्सिंग शिकणाऱ्या मुली आहेत, घरात एकटाच विश्वास ठेवणारा तरुण आहे, नवरा दारू पिऊन येतो म्हणून संध्याकाळी शास्त्र उघडायलाच धजत नाही अशी आई आहे. मॉर्मन नेत्यांनीही हे ओळखून अविवाहित, एकटे पालक आणि नवे सभासद यांनी गट करून एकत्र बसावे, असे सुचवले. पण सुचवणे पुरेसे नाही. तीमथ्याचे घर आठवावे. पौल त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाचे नाव घेतो. वडील मात्र ग्रीक होते, एवढेच प्रेषितांच्या कृत्यांत येते. अर्ध्या घरात वाढलेल्या त्या मुलाला पौलाने बरोबर घेतले, प्रवासात नेले, पुत्र म्हटले. घराची उणी बाजू मंडळीने भरायची असते, आणि त्यासाठी मंडळीच्या आठवड्यात तशी जागा असावी लागते.

मुंबईच्या कॅथलिक महाधर्मप्रांतात अशी जागा करण्याचा प्रयत्न १९८० च्या दशकापासून चालू आहे. बिशप बॉस्को पेन्हा यांनी त्यासाठी फार खपून काम केले. धर्मग्रामाचे लहान लहान समूह पाडायचे, एका इमारतीतली किंवा आळीतली घरे एका समूहात, आणि त्यांनी आळीपाळीने एकमेकांच्या घरी शुभवर्तमान घेऊन बसायचे. पद्धत दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेची, सात पायऱ्यांची. प्रभूला बोलावायचे, उतारा वाचायचा. मग ज्याला जो शब्द किंवा वाक्य भिडले ते त्याने मोठ्याने म्हणायचे, सावकाश, तीन वेळा. त्यानंतर शांतता. मग प्रत्येकाने तो शब्द आपल्याला का लागला ते सांगायचे. कोणी कोणाला दुरुस्त करायचे नाही, कोणी प्रवचन द्यायचे नाही. शेवटी या आठवड्यात आपण मिळून काय करायचे ते ठरवायचे आणि प्रार्थना करायची. तिसरी पायरी पाहण्यासारखी आहे. नुकती वाचायला शिकलेली मुलगी ‘भिऊ नका’ हे दोन शब्द तीनदा म्हणू शकते, आणि तेच दोन शब्द सोफ्यावर बसलेल्या डायलिसिसच्या पेशंटनेही निवडलेले असतात. तिथे वयाची पायरी नाहीशी होते. बाहेरून तज्ज्ञ आणावा लागत नाही आणि पाळकांची वाटही पाहावी लागत नाही.

मात्र अशा समूहांच्या बैठकांना पुष्कळदा ज्येष्ठ स्त्रियाच दिसतात, कारण या बैठका इतर सगळ्या कार्यक्रमांच्या वर आणखी एक कार्यक्रम म्हणून येतात. आधी काही काढले नाही तर नवे कुठेही मावत नाही.

आणि आजच्या महाराष्ट्रात तर मुळीच मावत नाही. मुंबईत भायखळ्याच्या किंवा परळच्या देवळाची माणसे कधीच कल्याण, विरार, पनवेलला राहायला गेली आहेत. रविवारी मेगाब्लॉक असतो. उपासनेला पोहोचायला दीड तास, परतायला दोन. अशा कुटुंबाला संध्याकाळच्या तरुण संघासाठी पुन्हा बोलावणे म्हणजे मुलाला घरच्यांपासून तोडून एकट्याला बोलावणे. एमपीएससी रविवारी, नीट रविवारी, क्लासच्या चाचण्या रविवारी. एमआयडीसीतल्या कामगाराची सुटी गुरुवारीही असू शकते. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत एकाच पाळकाकडे चार-पाच गावे असतात आणि ते मोटारसायकलवर एका रविवारी दोन-तीन उपासना घेतात. वेळ कमी आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रश्न इतकाच की उरलेला वेळ आपण कोणत्या कामाला देतो.

समजा, अशा एका मंडळीने रविवारची सकाळ अडीच तासांची एकच ठेवली. पहिला तास उपासना, सगळ्यांची, मुलांसह. संदेश पंधरा-वीस मिनिटांचा. पाळकांना हे जड जाईल, पण ज्या संदेशाचा पुढे लगेच अभ्यास होणार आहे तो लहान असला तरी चालतो. मग चहा-पोहे, हा वेळ फुकट जात नाही, ओळखी याच वेळी होतात. त्यानंतर पाऊण तास आठ-दहा जणांचे मिश्र गट, त्याच उताऱ्यावर. प्रत्येक गटात किमान तीन पिढ्या, आणि एका कुटुंबातली सगळी माणसे एकाच गटात असावीत असा हट्ट नको. एकट्या माणसाला घर मिळते ते इथेच. महिन्यातून एका रविवारी हे गट मोडून वयानुसार बसावे. किशोरांना आपल्या वयाच्या मुलांत बोलायची गरज असते, आणि काही प्रश्न आई समोर असताना विचारता येत नाहीत. मधल्या वारी एकच सभा, राहत्या भागात, घरी, सात पायऱ्यांसारख्या साध्या रीतीने. घरी जेवायला बसण्याआधी तोच उतारा, दहा मिनिटे. बाकी संध्याकाळी मोकळ्या ठेवाव्यात.

यावर पहिला आक्षेप महिला मंडळाकडून येईल, आणि तो गंभीरपणे ऐकायला हवा. मराठी ख्रिस्ती स्त्री चारचौघांत उभी राहून बोलायला, हिशेब ठेवायला, सभा चालवायला शिकली ती पुष्कळदा याच मंडळात. पुरुषांनी भरलेल्या पास्टोरेट कमिटीने ‘पिढ्या एकत्र आणतो’ म्हणत ते मंडळ बंद केले, तर तो अन्याय होईल. मंडळ ठेवावे, महिन्यातून एकदा, पूर्ण दुपारचे. आणि मिश्र गट चालवण्याची जबाबदारी अर्ध्याहून अधिक ठिकाणी स्त्रियांकडे द्यावी, कारण ते काम त्यांना येते.

दुसरा आक्षेप मुलांच्या गोंधळाचा. उपासनेत मुले बसत नाहीत, हे खरे; पण ती बसायला शिकतात ती मोठ्यांच्या शेजारी बसूनच. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथजवळच्या काउप्लेन इथल्या सेंट विल्फ्रिड्स चर्चने २००४ मध्ये ‘मेसी चर्च’ सुरू केले: महिन्यातून एकदा, शाळा सुटल्यावर, मुले आणि मोठे मिळून हाताने काहीतरी करायचे, मग छोटी उपासना, मग एकत्र जेवण. रविवार सकाळ अनेक कुटुंबांना जमत नाही, हे त्यांनी मान्य केले आणि वार बदलला. मुलांना सोडून पालकांनी निघून जायचे नाही, हा नियम मात्र ठेवला. हा उपक्रम पुढे अनेक देशांत पसरला. आपल्याकडे उपासनेत मुलांना देण्याजोगी कामे पुष्कळ आहेत. शास्त्रवाचन, दानाची थैली फिरवणे, टाळ वाजवणे.

टाळाचे नाव निघाले की टिळकांचे नाव टळत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ मध्ये ते गेले. त्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी मंडळीला जी भजने, अभंग आणि गीते दिली, ती आजही ‘उपासना संगीत’च्या पानापानांवर आहेत. आज मराठी देवळात आजी आणि नात यांना दोघींनाही तोंडपाठ येणारी गोष्ट शोधली, तर ती बहुधा टिळकांचे एखादे भजनच निघते. हे आपोआप झाले नाही. भजन शिकवायला वेगळा वयोगट केला नव्हता. मूल मांडीवर होते, आजूबाजूला सगळे गात होते, आणि वर्षानुवर्षे तेच ऐकत ते मोठे झाले. शास्त्रवचन, प्रार्थना, कबुली, क्षमा मागणे, या बाकीच्या गोष्टीही याच वाटेने पुढे जाऊ शकतात, त्यांना तशी संगत मिळाली तर. ही एवढी मोठी ठेव घरात असताना मराठी मंडळीने तरुणांच्या सभेसाठी वेगळा बँड आणि ज्येष्ठांसाठी वेगळी पेटी मांडावी, हे पाहून वाईट वाटते.

पाळकांच्या कामाचे मोजमापही मग बदलावे लागेल. आज वार्षिक अहवालात किती सभा झाल्या, किती घरभेटी झाल्या, हजेरी किती, दान किती, हे येते. त्यामुळे सभा कमी करणारा पाळक आळशी ठरायची भीती असते, आणि ती भीती त्याच्या डोक्यावरून काढणे हे कमिटीचे काम आहे. अहवालात वेगळे प्रश्न घालता येतील: दृढीकरण झालेल्या किती मुलामुलींना कुटुंबाबाहेरची दोन-तीन मोठी माणसे नावाने ओळखतात आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करतात? गेल्या वर्षी एकटी राहणारी किती माणसे दुसऱ्याच्या घरी शास्त्र घेऊन बसली? किती वडिलांनी घरी मुलांबरोबर प्रार्थना केली? ही माहिती जमवायला पंधरा मिनिटांचा संवाद लागतो, आणि तो संवाद हीच घरभेट होते.

एकदम सगळे बदलण्याची गरज नाही. लेंटचे, म्हणजे उपवासकाळाचे, साडेसहा आठवडे या प्रयोगाला योग्य आहेत. त्या दिवसांत लोक काहीतरी सोडायला तयार असतातच, आणि वेळापत्रकातल्या दोन सभा सोडणे हाही उपवास होऊ शकतो. राख बुधवारी सुरू करावे. सहाही रविवारांचे उतारे आधी छापून घराघरांत द्यावेत, आणि व्हॉट्सॲपवर पाठवले तरी एक कागद फ्रिजवर लावायला द्यावा. ईस्टरनंतरच्या रविवारी सर्वांना बोलावून विचारावे, बारा वर्षांच्या मुलांनाही, आणि त्यांचे मत इतिवृत्तात इतरांच्या मताच्या शेजारी, त्यांच्या नावानिशी लिहून घ्यावे. त्यातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे, ते मग वार्षिक सभेने ठरवावे.